माझ्या हातचा चुना

फुलंब्रीच्या रस्त्यानं जाताना एका वळणावर माझी मान आपोआप डावीकडं वळते. तिथं एक खडकाळ चढ आहे. बोरी, हिवर, हेंकळ, मधूनच एखादं सीताफळ, आणि पायाशी कुसळी गवत. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यात बघण्यासारखं काही नाही. मला आहे. झुडपं जागच्या जागी दिसली की मी चांगली मोठ्यानं ‘हुश्श’ करते. बसमध्ये शेजारची बाई दचकते. दचकू दे. तो चढ एव्हाना ताटासारखा सपाट झाला असता, आणि ते पाप माझ्या डोक्यावर असतं.

मी एकतीस वर्षं शहरातल्या एका कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर महिनाभर घरात बसून पाहिलं. नवरा म्हणाला, “तू घरात असलीस की मला वर्गात बसल्यासारखं वाटतं. कुठंतरी जा बाई.” माझ्यासारखेच चार-पाच रिकामे लोक होते. आम्ही रविवारी गावोगाव जाऊन जमीनमालकांशी बोलायला लागलो. सांगणं एकच असायचं की तुमच्या जमिनीतला जो तुकडा नांगराला नको, तो रानातल्या जनावरांना हवा आहे. सरकारी जंगल संपतं तिथं हद्दीचा दगड असतो, पण कोल्ह्याला काही तो वाचता येत नाही. तो पुढं येतो, आणि पुढं असतो कुणाचा तरी माळ, कुणाचा ओढा, कुणाचा चढ. सातबाऱ्यावर त्याला पोटखराबा म्हणतात. खराबा! त्या शब्दाचा मला आधीपासून राग. ससा, तितर, मुंगूस, लांडोर, सगळ्यांची बाळंतपणं त्या खराब्यातच होतात.

उन्हाळ्यात डोंगर पेटवू नका, ओढ्याकाठची जाळी तोडू नका, मेलेल्या ढोरावर औषध टाकू नका, असं आम्ही सांगत फिरायचो. दौलताबादकडं लोक पटकन ऐकायचे, कारण तिथल्या चढांवर सीताफळं येतात आणि सीताफळाला कुणी खराबा म्हणत नाही. फुलंब्रीकडं मात्र चहा मिळायचा, माना डोलायच्या, आणि पुढच्या वेळी गेलं की ओढ्याची जाळी तोडून पेटवलेली दिसायची. माझा पारा चढायचा. घरी येऊन मी भांडी आपटायची. नवरा म्हणायचा, “त्यांनी ऐकलं नाही, पण भांड्यांनी काय केलंय?”

आता या चढाबद्दल. त्याचे मालक दोन. धाकटा भाऊ शहरात एका कंपनीत पाळीवर जाणारा, राहायला मुकुंदवाडीत स्टेशनजवळ, आणि रविवार आला की मोटारसायकलवर शेतात हजर. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याला मी भाऊ म्हणायची. दुसरं नाव त्याच्या वहिनीचं. थोरला भाऊ वारल्यापासून ती शेतातल्या घरात एकटी राहत होती. शेळ्या आणि थोडी ज्वारी, एवढा तिचा पसारा. सगळं गाव तिला वहिनी म्हणे, म्हणून मीही वहिनीच म्हणायला लागले.

होळीनंतरच्या एका सकाळी वहिनीनं मला चढावर नेलं. एका मोठ्या दगडाआड बसवून तोंडावर बोट ठेवलं. समोर, पन्नासेक पावलांवर, खडकाखाली बिळासारखी पोकळी होती आणि तोंडाशी हाडं पडलेली. बराच वेळ काही झालं नाही. माझ्या पायाला मुंग्या आल्या, मी उठणार एवढ्यात बिळातून एक डोकं आलं, मागून दुसरं. तरसाची पिल्लं. नुसते कानच कान, आणि त्यांच्यामागं एवढंसं अंग. एक पिल्लू दुसऱ्याचं शेपूट ओढत होतं. आयुष्यभर मी मुलांना तरसाबद्दल सांगितलं होतं, पण तरसाची पिल्लं अशी समोर पहिल्यांदाच पाहिली. डोळ्यांत पाणी आलं, त्याची मला लाज वाटली नाही.

खाली उतरल्यावर मी विचारलं, “तुमच्या शेळ्या नाही नेत?”

“आजवर तर नाय नेली. रातच्याला मी त्यास्नी आत घेते,” वहिनी म्हणाली. “मेलेलं ढोर ओढून नेतंय, वास येत नाय. आपलं काय बिघडतंय? तिला बी लेकरं हायती.”

एवढं सुंदर मला एकतीस वर्षांत कधी सांगता आलं नव्हतं. तिथंच थांबायला हवं होतं. पण मी थांबले तर मी कसली!

पुढच्या रविवारी गावात सभा होती. बुद्धविहाराच्या हॉलमध्ये, कारण गावात पंखा तिथलाच चालू होता. वीस-पंचवीस जमीनमालक आले होते. भाऊ मागं भिंतीला टेकून उभा होता. वहिनी नव्हती, ती माहेरी लग्नाला गेली होती. मी रंगात आले. पिल्लांचं वर्णन केलं, बिळाची जागा मात्र सांगितली नाही, तेवढी अक्कल होती. आणि शेवटी, हात उंच करून म्हणाले, “असा जो तुकडा तुमच्याकडं असेल, तो राखीव ठेवा. ते तुमचं स्वतःचं छोटंसं वन आहे!”

सभेत एकदम सामसूम. फक्त पंख्याची घरघर. मला वाटलं, भिडलं! कुणी प्रश्न विचारला नाही. कुणी चहाला थांबलं नाही. घरी जाऊन मी नवऱ्याला सांगितलं, “आज लोक किती शांतपणे ऐकत होते म्हणून सांगू!”

तो पेपरमधून डोकं न काढता म्हणाला, “गप्प बसलेला वर्ग ऐकत असतो, असं तुला अजून वाटतं?”

मी त्याच्याकडं दुर्लक्ष केलं. लग्न टिकवायचं तर काही वाक्यं ऐकू येऊ द्यायची नसतात.

सभेनंतर मी भाऊला बाजूला घेऊन म्हटलं होतं, की बिळाच्या अलीकडून एक रेघ धरून दगडांवर चुना लावते, म्हणजे कुणी शेळ्या घेऊन किंवा काडी लावायला तिकडं जाणार नाही. भाऊनं पायात चपला सरकवल्या. मग म्हणाला, “करा मॅडम. तुमच्या मनासारखं करा.” आमच्या भागात ‘तुमच्या मनासारखं करा’ याचा अर्थ काय होतो, हे इथंच जन्मून, इथंच म्हातारी होऊन मला त्या दिवशी कळलं नाही. मंगळवारी मी चुन्याची बादली आणि कुंचा घेऊन गेले. वीसेक दगड पांढरेशुभ्र केले, अगदी सरळ रेषेत, सारख्या अंतरावर. मास्तरीण ना मी! काम झाल्यावर लांबून बघितलं आणि स्वतःवरच खूश झाले.

शुक्रवारी सकाळी वहिनीचा फोन आला.

“मॅडम, चढाला चुना तुमी लावला व्हय?”

“हो. का?”

“आगं बया!” ती म्हणाली. मग एका दमात सगळं सांगितलं. ती आदल्या दिवशी माहेराहून परतली होती. गावात बोभाटा झाला होता की मोजणी झाली, दगड ठरले, चुना पडला, आता सातबाऱ्यावर ‘राखीव वन’ असा शेरा पडणार. सभेत मॅडमनीच तोंडानं सांगितलं, राखीव. भावजींनी रविवारी सकाळी जेसीबी बोलावलाय. शेरा पडायच्या आत चढ सपाट करून त्यावर तूर पेरायची. वहितीखालची जमीन कोण राखीव करतंय?

“तुम्ही त्यांना सांगितलं नाही, पिल्लं आहेत म्हणून?”

“सांगितलं की. म्हणले, वहिनी, पिल्लं बघू का जमीन बघू? माझं बी नाव हाय सातबाऱ्यावर, मॅडम. पण इचारतंय कोण?”

फोन ठेवला आणि मी खाली बसले. आधी भाऊचा राग आला, खोटं कशाला बोलू. अडाणी, हट्टी, दोन तोंडांचा, जे सुचेल ते मी मनात म्हणून घेतलं. मग हळूहळू उलगडत गेलं. राखीव. एस.टी.तली राखीव सीट आपली नसते. राखीव जंगलात आपण काडी मोडली तर दंड. जिथं जिथं हा शब्द लिहिलेला असतो, तिथं तिथं तो शेतकऱ्याला एकच सांगतो, की हे तुझं नाही. मी तो शब्द पंचवीस जमीनमालकांसमोर हात उंच करून म्हटला होता, आणि दोन दिवसांनी जाऊन सरळ रेषेत चुना मारून आले होते. यापेक्षा मोजणी वेगळी काय दिसते? भाऊच्या जागी मी असते तर मीही जेसीबी बोलावला असता. कदाचित दोन.

मी भाऊला फोन लावला. त्यानं उचलला नाही. दिवसभरात सात वेळा लावला. शनिवारी मुकुंदवाडीत त्याच्या घरी गेले, तर दाराला कुलूप. आता उरला रविवार. डोळ्यांसमोरून ते शेपूट ओढणारं पिल्लू जाईना. सकाळी आठला जेसीबी लागणार होता. मी सहाच्या बसनं निघाले, पिशवीत तारेचा ब्रश, नारळाची शेंडी आणि पाण्याचे दोन कॅन घेऊन. नवरा बसस्टॅंडपर्यंत कॅन उचलून आला. बस सुटताना म्हणाला, “भाषण देऊ नकोस.”

पोचले तेव्हा जेसीबी चढाच्या पायथ्याशी उभा होता. ड्रायव्हर टपावर बशी ठेवून चहा पीत होता. भाऊ हाताची घडी घालून उभा, आणि जरा अंतरावर वहिनी, तिच्यामागं शेळ्या. मी धापा टाकत जाऊन समोर उभी राहिले.

“भाऊ,” मी म्हटलं, “कायदा असा आहे की...” आणि तोंड मिटलं. एकतीस वर्षांची सवय, दुसरं काय! पुन्हा सुरुवात केली. “भाऊ, चुना मी लावला. या हातानं. मोजणी नाही, सरकार नाही, कुणी नाही. आणि राखीव हा शब्द पण माझाच. मूर्खासारखा बोलले. माझी चूक झाली.”

ड्रायव्हरला चहाचा ठसका लागला. “म्हंजी मॅडमनीच समद्या गावाला चुना लावला म्हणा की!”

वहिनी पदर तोंडावर धरून हसायला लागली. मलाही हसू आलं, आणि हसता हसता रडूच फुटलं. साठी ओलांडलेली बाई, हातात नारळाची शेंडी, आणि जेसीबीसमोर रडतेय. भाऊ अवघडून गेला.

“मॅडम, तुमच्यावर राग नाय,” तो म्हणाला. “पण तुमी म्हणता म्हणून कसं? लोक आधी असंच गोड बोलत्यात. मग चुना, मग शेरा. बापानं ठेवलेली जमीन हाय. उद्या कुणी म्हणलं ही राखीव, तर मी कुठं कुठं तकरार करत फिरू?”

शब्दावरचा माझा हक्क मी सभेतच गमावला होता. म्हणून मी चढ चढले, पहिल्या पांढऱ्या दगडापाशी गुडघे टेकले, पाणी ओतलं आणि घासायला लागले. चुना काही लगेच निघत नाही. खडकाच्या भोकाभोकांत शिरून बसतो. पहिला दगड साफ व्हायला किती वेळ लागला कोण जाणे, पण झाला. मी दुसऱ्याकडं गेले. पाठीमागं बांगड्या वाजल्या. वहिनी माझ्या शेजारी बसली, तिनं शेंडी घेतली आणि माझ्यापेक्षा दुप्पट जोरानं घासायला लागली. तिसऱ्या दगडावर माझा खांदा भरून आला. तेव्हा मागून भाऊचा आवाज आला.

“द्या इकडं तो ब्रश. तुमच्यानं नाय व्हायचं.”

मी पाणी ओतत, ते दोघं घासत, असे आम्ही वर वर गेलो. बिळाच्या अंगाला आल्यावर वहिनीनं हात वर करून आम्हाला थांबवलं आणि खाली बोट दाखवलं. वाटेच्या फुफाट्यात पावलं उमटली होती. दोन लहान, ताजी, आणि त्यांच्या बाजूनं एक मोठं. भाऊ वाकून बघत राहिला. त्यानं आपली बोटं त्या लहान पावलाशेजारी मातीवर टेकवून माप घेतलं. मग तो खाली बसला, तसाच, चपलांवर.

“वहिनी,” तो म्हणाला, “आबा असताना हितं कुणी चढत नव्हतं, न्हाई का?”

“नाय चढत,” वहिनी म्हणाली. “आमच्या सासऱ्यांनी हे रान राखलं व्हतं. पंचमीपसून दसऱ्यापर्यंत कुणाची शेळी वर जायाची नाय. तवाच तर गवत व्हायचं. मामंजी बी चुनाच लावायचे की! दगडावर दगड ठेवायचे आन् वरच्यावर चुन्याचं बोट. ते दिसलं की समद्याला कळायचं, राखलंय. मॅडम, तुमी राखीव म्हणलात तिथंच घोळ झाला. राखलंय म्हणला असता तर एक माणूस उठला नसता.”

मी पाण्याचा कॅन हातात धरून ऐकत राहिले. राखीव आणि राखलेलं. एकाच धातूचे दोन शब्द, व्याकरण मला पाठ होतं. एक शब्द जमीन माणसाच्या हातातून काढून घेतो आणि दुसरा त्याच्याच हातात देतो, हे मात्र शेळ्या राखणाऱ्या बाईनं मला सांगावं लागलं. आणि ही चालत आलेली रीत तिथं असताना मी गावाला बाहेरून काहीतरी नवीन शिकवायला निघाले होते. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं सांगते, त्या लाजेत सुद्धा मला इतकं हलकं वाटत होतं की विचारू नका.

खालून ड्रायव्हरनं हाक मारली. “मालक, काय करायचं? उन्हं चढली!”

भाऊ उठला. कपाळाचा घाम पुसला. आणि मग त्यानं जे केलं, ते मी त्याच्याकडून कधीच अपेक्षिलं नव्हतं. तो वहिनीकडं वळला.

“वहिनी, तुमी सांगा. तुमचं बी नाव हाय.”

वहिनीनं पदर सारखा केला. गावातल्या कुठल्याही सभेत तिला कुणी असं विचारलं नसेल. ती चढाकडं बघून, खाली बघून, मग थेट ड्रायव्हरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “खालच्या शेततळ्यातला गाळ काढ म्हणावं त्याला. आलाच हाय तर रिकामा कशाला जातो?”

जेसीबी घुरघुरत मागं वळला आणि शेततळ्याकडं गेला. मी तिथंच दगडावर बसले. इतकी सुटका मला मुलाच्या बारावीच्या निकालाला पण वाटली नव्हती. वहिनीनं ज्वारीची भाकरी आणि ठेचा आणून दिला. ठेचा तिखटजाळ होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्यातलं किती ठेच्याचं ते मी कुणाला सांगितलं नाही. उरलेले दगड आम्ही दुपारपर्यंत साफ केले.

त्यानंतर मी सभेत राखीव हा शब्द उच्चारला नाही. पुढच्या सभेत तर मी बोललेच नाही. भाऊ बोलला. उभा राहून, शर्टाचं बटण चाळवत, पाच-सहा वाक्यं. मॅडमचा एक शब्द चुकला, सरकार-बिरकार कुणी नाय, आमचं रान आमीच राखलंय, तुमचं तुमी राखा. लोकांनी प्रश्न विचारले, वाद घातला, एकानं तर तरस शेळी नेतंच म्हणून आवाज चढवला. चहाला सगळे थांबले. घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, “आज वर्गात भरपूर गोंगाट होता.” त्यानं पेपर खाली ठेवला आणि स्वतः चहा केला.

नागपंचमी झाली आणि आठवडाभरानं मी पुन्हा त्या चढावर गेले. रस्त्यावरून मान वळवली. झुडपांत पांढरे ठिपके दिसत होते. एक, दोन, चार. मी बसमधून जवळजवळ उडीच मारली. चिखलातून, साडी गुडघ्यापर्यंत धरून धावत गेले. आता कुणी मोजणी केली? आता कुणाचा शेरा?

वर गवतात वहिनी बसली होती, शेजारी चुन्याचं डबडं. दगडावर दगड ठेवलेला, आणि वरच्यावर बोटभर चुना. रेषा सरळ नव्हती. अंतरं सारखी नव्हती. एक दगड तर चक्क बोरीच्या झाडात होता. बिळाच्या बाजूनं गवत कमरेइतकं वाढलं होतं.

“असं काय धावता बाई?” ती म्हणाली. पहिल्यांदाच बाई म्हणाली, मॅडम नाही. “म्या लावला. तुमच्या हातचा चुना सरकारी दिसत व्हता.”

मला इतकं हसू आलं की मी चिखलातच बसले. ती पण हसली. मग तिनं शेवटचा दगड दगडावर ठेवला, हलतो का ते बघितलं, आणि डबडं माझ्याकडं सरकवलं.

“हा तुमी लावा. आता चालतंय.”

मी बोट बुडवलं आणि लावला.